कळवण ते काल्मोरा, व्हाया गंगापूर रोड

जायचं ठरलं ते एका फोनवर. माझी आतेबहीण पूर्वाताई नाशकात इंजिनिअरिंगला आहे. ती फोनवर हॅलो म्हणत नाही, थेट कामाचं बोलते. म्हणाली, "रोहे, शुक्रवारी ये. रविवारपर्यंत लागशील." मला वाटलं आत्याला बरं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा तसंच येतं. पण आत्या ठणठणीत होती. आजारी होता तो पूर्वाताईच्या टोळीतला वैद्य. त्याला कांजिण्या आल्या होत्या.

टोळी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. काल्मोरा नावाचा एक नवा ऑनलाइन गेम येत होता. डोंगर, किल्ले, लांडगे, जादू असलेलं एक जग. जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून एकाच वेळी त्यात शिरतात आणि प्रत्येकाचं एक पात्र असतं. शुक्रवारी दुपारी बारा ते रविवारी संध्याकाळी सहा एवढा वेळ तो चाचणीसाठी सगळ्यांना फुकट उघडणार होता. अट एकच. रविवारी सहाच्या आत जो जुना घाट ओलांडून पलीकडच्या किल्ल्यात पोहोचेल, त्याचं पात्र नावासकट राहणार. बाकी सगळ्यांची पुसली जाणार. खरा गेम पुढच्या आठवड्यात सुरू झाला की त्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. घाटात माणसं पडतात, त्यांना उठवायला वैद्य लागतो. पूर्वाताईच्या टोळीत चौघं उरले होते आणि वैद्याच्या अंगावर कॅलामाइन लावलेलं होतं.

मी म्हटलं, मला कॉम्प्युटरवर पत्ते सोडून काही खेळता येत नाही. ती म्हणाली, "तू औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा पूर्ण वाचतेस. वैद्याला तसंच माणूस लागतं." हे कौतुक होतं की टोमणा, याचा विचार करण्यात माझी एक रात्र गेली. सकाळी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. अभ्यास किती झालाय ते त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि ते जा म्हणाले.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: कळवणहून नाशिकला वणी-दिंडोरीवरून जाणारी एसटी घ्यावी. सकाळची साडेसहाची बरी, खिडकी मिळते. वणीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते असं म्हणतात, पण खाली उतरून भजी घेताना माझं सगळं लक्ष ड्रायव्हरकडे होतं, त्यामुळे भजी कशी होती ते सांगता येणार नाही. दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागतात. सव्वानऊला मी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य स्टँडवर उतरले. तिथून शेअर रिक्षाने गंगापूर रोड. रिक्षात तीन बायका भाजी निवडण्यावरून बोलत होत्या, आणि मी मनातल्या मनात घोकत होते: माऊसचं डावं बटण चालायला, उजवं बघायला.

कॅफे एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चालवतात शकीलभाई. ते मूळचे मालेगावचे. त्यांच्या घरी माग आहेत, आणि लहानपणापासून मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे ते शांत खोलीतही मोठ्याने बोलतात. दर तासाला वीस रुपये, पण तीन दिवसांचं आधी ठरवलं तर पंधरा. दिवे गेले तर जनरेटर आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संडास स्वच्छ आहे. हे कुठल्याच ब्लॉगवर लिहिलेलं नसतं, म्हणून लिहिते.

टोळीतले बाकीचे तिघे पूर्वाताईच्याच वर्गातले. इरफान आणि दोन जुळे भाऊ. जुळे एकमेकांचं वाक्य पूर्ण करतात आणि इरफान ते पूर्ण होऊ देत नाही. त्यांनी मला मधली खुर्ची दिली. बाराला पाच मिनिटं असताना सगळे गप्प झाले. परीक्षेत पेपर वाटायच्या आधी होतात ना, तसे.

पहिला दिवस, पहिला प्रश्न: नाव काय ठेवायचं? पूर्वाताई 'रणचंडी' होऊन दोन मिनिटांत आत गेली. इरफान 'तीरंदाज'. जुळे 'मोठा डोंगर' आणि 'छोटा डोंगर'. मला पंचवीस मिनिटं लागली. एकदा ठेवलेलं नाव बदलता येत नाही असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि ते पाचांपैकी मी एकटीनेच वाचलं होतं. शेवटी 'शेवंती' लिहिलं. आमच्या मळ्यात तीच असते.

आणि मग पडद्यावर उजाडलं.

मला नीट सांगता येणार नाही. मी कळवणच्या बाहेर फार गेलेली नाही. नाशिक, एकदा शिर्डी, एकदा पुण्याला लग्नाला. तिथे अचानक माझ्यासमोर एक हिरवी उतरण होती, खाली तळं, तळ्यावर धुकं, आणि आकाशात दोन चंद्र, दिवसाढवळ्या. गवत हलत होतं. नुसतं हलत नव्हतं, वारा यायचा त्या दिशेनं वाकत होतं. मी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं, आणि हेडफोन लावलेले असल्यामुळे ते अख्ख्या कॅफेला ऐकू गेलं.

त्यानंतरची दहा मिनिटं मी एका भिंतीकडे तोंड करून उभी होते, कारण वळता येत नव्हतं. शकीलभाई चहा घेऊन मागून जाताना थांबले. म्हणाले, "बेटी, इतक्या लांबून भिंत बघायला आलीस का?"

प्रवाशांसाठी व्यावहारिक माहिती. काल्मोरात उतरल्यावर पन्नास तांब्याची नाणी मिळतात. पाव दोन नाण्यांना, गरम सूप चारला. सूपच घ्या, जखमा लवकर भरतात. पहिल्या गावातून तळ्यापर्यंत चालत अकरा मिनिटं, बैलगाडीनं सहा. बैल आपल्याकडच्यापेक्षा केसाळ आहेत. गाडीवाला रस्ताभर एकच गोष्ट सांगतो आणि ती मध्ये थांबवता येत नाही. तळ्याच्या डाव्या अंगाला लांडगे असतात, म्हणून उजवीकडून जा. गावातली सगळी घरं उघडी. मला कुणाच्या घरात शिरताना फार अवघड झालं, कारण दार वाजवायची सोय नाही आणि चपला काढायचीही नाही. एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात मी बूट घालून उभी होते आणि ती मला अंडी शोधून आणायचं काम सांगत होती. मी तिची अंडी आणली. पूर्वाताई म्हणाली त्याचे गुण नगण्य आहेत, सोडून दे. पण म्हातारी दर वेळी तेच वाक्य बोलत होती, मला ते बघवेना.

दुपारी आम्ही खाली उतरून मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत होता. जुळ्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि दोघंही तिखट नाही म्हणत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरी, उसाचा रस, ट्यूशनच्या पाट्या, सगळं मला अर्धवट खोटं वाटत होतं. एका मांजराच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत का नाही, असा विचार क्षणभर मनात आला. इरफानला सांगितलं तर तो म्हणाला, गेलीस तू कामातून.

संध्याकाळपर्यंत मला लांडग्यापासून पळता येऊ लागलं, मारता मात्र आला नाही. पहिल्या लांडग्याला मी चुकून काठी मारली तर तो असा काही केकाटला की मी सॉरी टाइप केलं. ते सगळ्यांना दिसलं. कुठल्या तरी देशातल्या माणसाने खाली हसण्याची चिन्हं टाकली, ओळभर.

आत्याकडे जेवताना पूर्वाताईने हे सगळं वाढवून सांगितलं. आत्या अजूनही आमच्याकडचंच बोलते. म्हणाली, "लांडग्याला सॉरी म्हणती? लय गुणाची पोर हाय माझ्या भावाची."

दुसरा दिवस माझा होता. सगळ्यात आनंदाचा.

शनिवारी सकाळी बाकीचे चौघं लढाईचा सराव करायला गेले आणि मला दरीत पाठवलं, औषध गोळा करायला. वैद्याला लागते ती वनस्पती निळ्या फुलांची, बारीक पानांची. तिचं इंग्रजी नाव कुणालाच उच्चारता येईना म्हणून मी तिला निळा दवणा म्हणू लागले आणि टोळीनं ते उचललं. पडलेल्या सोबत्याला एक जुडी दिली की तो उठतो. दवणा वाफ्यांमध्ये उगवतो, एका वाफ्यात पाच झाडं. जवळ जाऊन वाकलं की 'खस्स' असा आवाज येतो आणि जुडी पिशवीत पडते. तो आवाज अगदी खरा होता, कोथिंबीर उपटल्यासारखा. ज्यानं रेकॉर्ड केला असेल तो नक्की कुठल्या तरी शेतात बसला असणार.

मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आमचा मळा गावापासून लांब, मध्ये ओढा, त्यावर तेव्हा पूल नव्हता, म्हणून चौथीपर्यंत माझी शाळा घरातच झाली. आईने वाचायला शिकवलं आणि अण्णांनी गणित, तेही वाफ्यांवर उभं करून. तोड करायची, पण प्रत्येक वाफ्यातलं एक चांगलं झाड बियाण्याला सोडायचं. त्याला लाल चिंधी बांधायची म्हणजे कुणी चुकून तोडत नाही. पाच झाडं, एक राखलं, राहिली किती? माझी पहिली वजाबाकी ही. सगळंच तोडलं तर पुढल्या साली काय लावशील, हा अण्णांचा दुसरा प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर वहीत लिहायचं नसायचं.

तर मी दरीभर हिंडले. चार जुड्या घ्यायच्या, एक झाड सोडायचं. चिंधी बांधता येत नव्हती याची रुखरुख लागली. रस्ता चुकायची भीती होती म्हणून मी प्रत्येक वाफ्याची जागा वहीत लिहून ठेवली: पडक्या गिरणीच्या मागे, दोन खडकांच्या मध्ये, पाणथळीत तिसऱ्या वाळक्या झाडाजवळ. ऊन होतं, म्हणजे तिथे. कुठून तरी बासरी वाजत होती. झऱ्याचं पाणी पायापर्यंत यायचं आणि माझ्या पात्राचे बूट ओले दिसायचे, खरंच काळे पडायचे. मी तीनदा पाण्यात जाऊन बाहेर आले, फक्त तेवढं बघायला. पूर्वाताईनं शेजारून डोकावून विचारलं, काय करतेस? पाय भिजवते, म्हटलं. 

संध्याकाळी माझ्या पिशवीत एकशे साठच्या वर जुड्या होत्या. इरफाननं आकडा बघितला आणि खुर्चीतून उठून मला मुजरा केला. मी अशी खूश कधी झालेले आठवत नाही. बारावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला आधी वाटलं होतं की गुण चुकून दुसऱ्याचे दिलेत.

रविवारी सकाळी कॅफेत आलो तर काल्मोरात ओरडा चालला होता.

सगळ्यांना दिसेल असं लिहिण्याची एक पट्टी पडद्याच्या खाली असते. ती भराभर सरकत होती, इंग्रजीत आणि आणखी कुठल्या भाषांत. इरफान वाचून सांगू लागला. दरीत दवणा मिळत नाहीये. वाफे दिसतात, प्रत्येकात एक झाड आहे, पण हात लावता येत नाही. मग त्यानं नियम समजावला, जो त्यालाही तेव्हाच कळला होता. वाफ्यातलं पहिलं झाड ज्यानं खुडलं, वाफा त्याच्या नावावर. त्यानं शेवटचं खुडलं की वाफा मोकळा होतो आणि क्षणात पाच नवी झाडं उगवतात, मग दुसरा कुणीही घेऊ शकतो. शेवटचं झाड सोडलं तर वाफा अडकतो. कायमचा. "कोणी तरी मुद्दाम दरी अडवलीये," इरफान म्हणाला. "दवणा नाही म्हणजे बाकीच्या टोळ्यांना घाट बंद. आयडिया भारी आहे, पण माणूस नीच आहे."

 मी पडद्याकडे बघत राहिले आणि म्हटलं की समजा कुणी बियाण्यासाठी सोडलं असेल तर?

"कशासाठी?" पूर्वाताई माझ्याकडे वळली.

मी वही पुढे केली. एक्केचाळीस वाफे, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात.

 मग मोठा जुळा खुर्चीवरून घसरला, हसून. धाकटा त्याच्यावर पडला. इरफान म्हणाला, विंचूरचे कांद्याचे व्यापारी आता तुझ्याकडे शिकवणी लावतील, त्यांनाही इतका साठा कधी जमला नाही. शकीलभाईंना कळेना काय झालं, त्यांना सांगितलं, तर तेही हसायला लागले आणि त्यांच्या हसण्यानं खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन बघितलं. मीही हसले असते. पण पट्टीवर दुसऱ्या टोळीतल्या कुणी तरी लिहिलं होतं की आमची टोळी दोन दिवस झोपली नाहीये आणि आता सगळं फुकट जाणार. इरफाननं ते हसत हसतच वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला.

सोपा मार्ग समोर होता. आमच्याकडे जुड्या भरपूर होत्या. तीनला निघायचं, सहाच्या आत घाट पार. सहानंतर दरीतलं सगळं पुसलं जाणार होतं, वाफेसुद्धा. कुणाला कधीच कळलं नसतं. जुळ्यांनी तसं सुचवलं, हळूच.  पूर्वाताई या गेमची वाट सहा महिने बघत होती. 'रणचंडी' हे नाव तिच्या वहीच्या मागच्या पानावर होतं, ते मी आदल्या रात्री बघितलं होतं.

मी म्हटलं, ते वाफे माझ्या नावावर आहेत. मीच मोकळे करू शकते, दुसरं कुणी नाही. मला जावं लागेल.

"एक्केचाळीस?" तिनं विचारलं. "रोहे, तुला परत येता येणार नाही. तुझी शेवंती जाईल."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पडू, उठू. जुड्या दे. वैद्य नसताना आमच्या हातात त्या अर्ध्याच चालतात, पण चालतात." मग म्हणाली, "चिडले नाहीये मी. तुझ्यावर चिडून काय मिळणार, तू आधीच स्वतःवर चिडलेली असतेस."

मी तिला शंभर जुड्या दिल्या. मग इरफानकडून इंग्रजी तपासून घेऊन पट्टीवर लिहिलं: दरी मी अडवली. चुकून. माफ करा. मी सगळे वाफे मोकळे करायला निघाले आहे. पडक्या गिरणीपासून सुरुवात करते. पाठवायचं बटण दाबताना माझे डोळे मिटलेले होते.

शिव्या आल्या. इरफाननं त्या वाचून दाखवायला नकार दिला. पण मी गिरणीपाशी पोहोचले तेव्हा तिथे सात-आठ जण उभे होते. पुढे एक ढालवाला, माझ्या दुप्पट उंच, नाव मला वाचता येईना. मी वाकले आणि शेवटचं झाड खुडलं. खरं सांगते, हात अडखळला. खस्स. वाफा रिकामा. आणि मग मातीतून पाच निळे कोंब एकदम वर आले, डोळ्यांदेखत, फुलांसकट. ती सगळी माणसं उड्या मारायला लागली. त्या गेममध्ये उडी मारायला एक बटण आहे आणि आनंद दाखवायला दुसरं काही नाही.

तिथून पुढचे पाच-सहा तास म्हणजे वरात होती. पुढे मी, हातात वही. खऱ्या हातात. शेजारी ढालवाला. लांडगा आला की तो मध्ये यायचा. मागे जमाव वाढत चाललेला. प्रत्येक वाफ्याला थांबायचं, खस्स, पाच कोंब, उड्या, पुढे. सुरुवातीला मला प्रत्येक झाडाला मनातल्या मनात काही तरी म्हणावंसं वाटत होतं. पंधराव्यानंतर मला भानच राहिलं नाही. मी हसत होते. शकीलभाईंनी दुपारी वडापाव आणून ठेवला आणि एका हाताने खा म्हणाले, पैसे घेतले नाहीत. ढालवाला मध्येच काहीबाही लिहायचा, मी येईल तसं उत्तर द्यायचे. त्याच्याकडे तेव्हा पहाट होती. त्यानं विचारलं, तू झाडं का सोडलीस? मी मोडक्या इंग्रजीत बियाण्याचं सांगितलं.  मग त्यानं लिहिलं की त्याची आईसुद्धा मक्याचं कणीस तसंच राखायची.

तीनला पूर्वाताईची टोळी निघाली. साडेचारला ढालवाल्याला मीच जा म्हटलं, नाही तर त्याचाही घाट चुकला असता. त्याच्या पिशवीत वीस जुड्या टाकल्या. उरलेल्या आणखी कुणाकुणाला दिल्या. पाणथळीत मी एकटीच गेले. तीन वाफे राहिले होते आणि मला लांडग्यांची भीती वाटत नव्हती, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. शेवटचं झाड खुडलं तेव्हा पाच वाजून चौतीस मिनिटं झाली होती. घाट तिथून चाळीस मिनिटांवर. पळत पंचवीस, म्हणजे पायथ्यापर्यंत, वर चढायचं वेगळंच.

शेवंतीला मी तिथेच पाण्यात उभी ठेवली आणि खुर्ची सरकवून पूर्वाताईच्या मागे गेले.

घाटात बर्फ होतं. मोठा डोंगर पडला होता, छोटा त्याला जुडी देत होता, ती अर्धीच चालत होती, तो उठून पुन्हा पडत होता. इरफान शिव्या देत होता आणि बाण मारत होता. पूर्वाताईचा खालचा ओठ दातांत. मी तिच्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की तिनं न बघता सांगितलं, हलवू नकोस. बाजूने दुसऱ्या टोळ्या चढत होत्या, प्रत्येकाच्या कमरेला निळी जुडी. एका वळणावर ढालवाला दिसला. त्याच्या वैद्यानं थांबून मोठ्या डोंगरावर अख्खी जुडी टाकली, पूर्ण चालणारी, आणि काही न लिहिता पुढे गेला. मोठा डोंगर उठला.

पाच अठ्ठावन्नला ते किल्ल्याच्या दारातून आत गेले. चौघंही. कॅफेत जे काही ओरडणं झालं त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता असं शकीलभाईंचं म्हणणं आहे.

मी माझ्या पडद्याकडे बघितलं. शेवंती पाण्यात उभी होती, बूट काळे, आणि तिच्या भोवती निळी फुलं वाऱ्याच्या दिशेनं वाकत होती. सहाला अंधार झाला.

सोमवारी सकाळच्या गाडीने परत. दिंडोरी, वणी, द्राक्षं, सगळं होतं तसंच, फक्त मी खिडकीतून प्रत्येक उतरणीकडे बघत होते की इथून चालत किती मिनिटं लागतील. घरी अण्णा मळ्याला पाणी भरत होते. मी बारं धरता धरता, म्हणजे सरीत पाणी वळवता वळवता, त्यांना सगळं सांगितलं, कारण लपवून मला झोप लागली नसती. ते ऐकत होते. एक्केचाळीस म्हटल्यावर त्यांनी फावडं टेकवलं.

"सगळी उपटली? एक बी नाय ठेवलं?"

नाही ठेवलं, म्हटलं.

"मंग उगवलं का?"

लगेच, म्हटलं. समोरच.

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "मंग तिथली जमीन तशी असंल. रानाला विचारून करावं, आपलं सांगत बसू नये." आणि पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

खर्चाचं विचाराल तर जाणं-येणं, कॅफे आणि एक मिसळ एवढाच. राहणं आत्याकडे. परवडणारा प्रवास आहे. काय राहिलं म्हणाल तर नाव राहिलं नाही, पात्र राहिलं नाही, नकाशात माझी एक खूणही नाही. पण मी एका पट्टीवर सगळ्या जगासमोर चूक कबूल केली आणि मेले नाही, एवढं राहिलं. मला ते पुष्कळ आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजात सरांना मी सांगितलं की माझ्या प्रयोगवहीतलं एक वाचन मी अंदाजाने लिहिलंय. ते म्हणाले, बरं, परत घे. बस, इतकंच.

काल खरा गेम सुरू झाला. संध्याकाळी पूर्वाताईचा फोन. नेहमीसारखी हॅलो नाही. म्हणाली की ते चौघं किल्ल्यातून निघून, घाट पुन्हा उतरून, तळं ओलांडून पहिल्या गावात येऊन थांबलेत. त्या म्हातारीच्या दारात. नवीन वैद्य घेतलेला नाही.

मी घाबरले. म्हटलं, माझी परीक्षा संपायला तीन आठवडे आहेत, तोवर बाकीचे लोक किती पुढे जातील, मला कुणाला अडवून ठेवायचं नाही, तुम्ही जा, मी मागून येईन.

"अडवलंस तर अडवलंस," ती म्हणाली. "आम्ही इथं अंडी गोळा करतोय. पेपर नीट दे."

फोन ठेवल्यावर मी सायकल काढून स्टँडवर गेले आणि वेळापत्रक बघून आले. शेवटचा पेपर अकराला सुटतो. नाशिकची गाडी बारा दहाला आहे.